हसवणाऱ्याच्या पायाखालची जमीन

चेन्नईच्या दक्षिण अंगाला असलेलं गिंडी मराठी वाचकाला ठाऊक असलंच, तर शेजारच्या आयआयटीमुळे, घोड्यांच्या शर्यतींमुळे किंवा शहराच्या मधोमध हरणं बाळगणाऱ्या जंगलामुळे. सिनेमाच्या अभ्यासकाने मात्र हा भाग वेगळ्या नजरेने पाहायला हवा. इथे तीन मोठ्या सार्वजनिक संस्थांना तीन माजी मुख्यमंत्र्यांची नावं दिलेली आहेत: अण्णा विद्यापीठ, तमिळनाडू डॉ. एम.जी.आर. वैद्यकीय विद्यापीठ आणि किंग इन्स्टिट्यूटच्या आवारात २०२३ साली सुरू झालेलं कलैञर (म्हणजे करुणानिधी) शताब्दी रुग्णालय. अण्णादुरै, एम. जी. रामचंद्रन आणि करुणानिधी हे तिघेही सिनेमाच्या वाटेने राजकारणात मोठे झाले, हे सगळेच सांगतात. तिघांच्याही चित्रपटांच्या यादीत एक विनोदी नट आढळतो, हे फारसं कोणी सांगत नाही. ‘नल्लतंबी’ हा १९४९ सालचा चित्रपट अण्णादुरैंनी ज्याच्यासाठी लिहिला तो एन. एस. कृष्णन. ‘मणमगळ’ (१९५१) आणि ‘पणम’ (१९५२) या चित्रपटांचे संवाद करुणानिधींचे, दिग्दर्शन कृष्णन यांचं. आणि १९३६ सालच्या ज्या ‘सती लीलावती’तून एम.जी.आर. पहिल्यांदा पडद्यावर आले, त्याच चित्रपटातून कृष्णनही आले. गिंडीत कृष्णन यांचं नाव कुठल्या विद्यापीठावर नाही. त्यांच्या ‘कलैवाणर’ या पदवीचं सभागृह आहे ते चेपॉकला, आणि करोनाच्या काळात तमिळनाडूची विधानसभाच काही दिवस त्या सभागृहात भरत होती. आयुष्यभर सत्तेची टिंगल करणाऱ्या माणसाच्या छपराखाली आमदारांनी बसावं, यावर कृष्णन यांनी नक्कीच एखादं गाणं रचलं असतं.

तमिळनाडूत त्यांना भारताचे चॅप्लिन म्हणायची पद्धत आहे. असल्या उपमा बहुधा आळशी असतात. दोन माणसांना एका वाक्यात बसवून दोघांनाही समजून घ्यायचं टाळतात. ही उपमा मात्र जरा ताणून पाहावीशी वाटते, कारण त्यातून विनोदी नटाच्या आयुष्याबद्दलचा एक जुना समज तपासता येतो. हॉलिवूडच्या जुन्या विनोदवीरांची चरित्रं एकाच साच्यातून काढल्यासारखी असतात. गरीब बालपण, रंगमंचावरची उमेदवारी, डोळे दिपवणारं यश, मग दारू, घटस्फोट, एखादं लफडं, विस्मृती आणि म्हातारपणी एखादा मानाचा पुरस्कार. या पडझडीचं कारण चरित्रकार नटाच्या स्वभावात शोधतो. जगाला हसवणारा आतून दुःखी असतो, हे वाक्य कुठेतरी येतंच. माझं म्हणणं असं आहे की, हे कारण बहुतेक वेळा चुकीच्या जागी शोधलं जातं. विनोदी नट कोसळतो की तग धरतो, हे त्याच्या मनापेक्षा एका बाहेरच्या गोष्टीवर जास्त अवलंबून असतं. स्टुडिओने दरवाजा लावला तर लोकांसमोर उभं राहायला त्याच्याकडे दुसरी जागा आहे का?

हॉलिवूडपासूनच सुरुवात करू. रोस्को आर्बकल १९२१ साली जगातल्या सर्वांत महागड्या नटांपैकी एक होता. पॅरामाउंटबरोबरचा त्याचा करार वर्षाला दहा लाख डॉलरच्या घरातला होता. त्याआधी ‘कॉमिक’ नावाच्या कंपनीत त्याला मनासारखे छोटे चित्रपट करता येत. मोठ्या कराराच्या मोहात ती कंपनी त्याने धाकटा मित्र बस्टर कीटन याच्या हवाली केली. सप्टेंबर १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलातल्या मेजवानीनंतर व्हर्जिनिया रॅप या अभिनेत्रीचा मृत्यू झाला आणि आर्बकलवर खटला भरला गेला. दोनदा ज्यूरीचं एकमत झालं नाही. तिसऱ्यांदा, एप्रिल १९२२ मध्ये, ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. इतकंच करून न थांबता त्याच्यावर अन्याय झाल्याचं लेखी निवेदन दिलं. त्यानंतर आठवड्याच्या आतच चित्रपट उद्योगाच्या वतीने विल हेज यांनी त्याच्या चित्रपटांवर बंदी घातली. बंदी वर्षअखेरीस उठली, कारकीर्द उठली नाही. पुढची दहा वर्षं तो बहुतांशी टोपणनावाने इतरांचे चित्रपट दिग्दर्शित करत राहिला. १९३२ साली वॉर्नरने काही छोटे बोलपट देऊ केले आणि १९३३ साली तो गेला. वय शेहेचाळीस.

कीटनची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण तिच्यात लफडंही नाही. ‘द जनरल’ (१९२६) आज जगातल्या उत्तम चित्रपटांत गणला जातो. तेव्हा तो तोट्यात गेला. कीटनच्या नावाने चालणाऱ्या कंपनीत त्याचा स्वतःचा हिस्सा नव्हता, मालकी त्याचा साडू आणि निर्माता जोसेफ शेंक याची होती. १९२८ साली शेंकच्या सांगण्यावरून तो एमजीएमकडे पगारी नट म्हणून गेला. तिथे पटकथा आधी लिहून मंजूर करून घ्यायची होती, आणि कीटनचा विनोद तर सेटवर, भिंत कुठे पडते आणि खिडकी कुठे येते हे मोजत जन्माला यायचा. पाच वर्षांत स्टुडिओने त्याला काढून टाकलं. तो दारू पीत होता, हे खरं. पण १९२८ च्या आधीही तो माणूस तोच होता आणि चित्रपट वेगळे होते. याउलट चॅप्लिन. १९१९ साली त्याने पिकफर्ड, फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांच्यासह युनायटेड आर्टिस्ट्स काढली. स्टुडिओ स्वतःचा, पैसा स्वतःचा, चित्रपट किती दिवस करायचा ते स्वतःच ठरवायचं. त्याच्या खाजगी आयुष्यातली वादळं आर्बकलच्या वादळांपेक्षा लहान नव्हती. १९५२ साली अमेरिकेने त्याचा परतीचा परवाना काढून घेतला तेव्हाही तो संपला नाही. इंग्लंडात जाऊन त्याने ‘अ किंग इन न्यूयॉर्क’ काढला आणि ज्या देशाने बाहेर ठेवलं त्याचीच खिल्ली उडवली.

एवढ्यावरून निष्कर्ष सोपा दिसतो: मालक व्हा, वाचाल. मद्रासचा इतिहास पाहिला की तो इतका सोपा राहत नाही, म्हणून तर मद्रासकडे जायचं.

कृष्णन यांचा जन्म १९०८ सालचा, नागरकोविलजवळच्या ओळुगिनसेरीचा. शाळा जेमतेम. त्या भागात विल्लुपाट्टू नावाचा लोकगायनाचा प्रकार आहे. घुंगरं बांधलेलं लांबलचक धनुष्य जमिनीवर आडवं ठेवायचं, त्याची दोरी काठ्यांनी वाजवायची आणि गाण्या-बोलण्यातून कथा सांगायची. कृष्णन यांची सुरुवात तिथली. नंतर टी. के. एस. बंधूंच्या नाटक मंडळीत त्यांची तालीम झाली. पडद्यावर आले ते एलिस आर. डंगन या अमेरिकन माणसाच्या चित्रपटातून. ओहायोत वाढलेला आणि कॅलिफोर्नियात सिनेमा शिकलेला डंगन तमिळ न येता तमिळ चित्रपट करत होता. म्हणजे हॉलिवूडचा हात या कथेच्या पहिल्या पानावरच आहे. त्याच १९३६ साली ‘वसंतसेना’ या चित्रपटासाठी मंडळी पुण्याला आली होती. दक्षिणेत स्टुडिओंची अजून वानवा होती, त्यामुळे तमिळ चित्रपट मुंबई-पुणे-कोल्हापूर-कलकत्ता असे फिरत तयार होत. त्या पुण्याच्या मुक्कामात कृष्णन यांची टी. ए. मदुरम या अभिनेत्रीशी ओळख झाली, पुढे दोघांचं लग्न झालं, आणि पुढची वीस वर्षं तमिळ प्रेक्षक या जोडीला हसत राहिला. मदुरम यांना केवळ सहकलाकार म्हणून निकालात काढणं चरित्रकारांना सोयीचं जातं. पुढे काय झालं ते पाहता ते अन्यायाचं आहे.

या जोडीने काम करण्याची जी पद्धत बसवली ती माझ्या मुद्द्याचा कणा आहे. मुख्य कथेशी सैल धाग्याने जोडलेला विनोदी भाग ही मंडळी स्वतः रचत, स्वतःच बसवत, पुष्कळदा वेगळा चित्रित करत, आणि तो तयार चित्रपटात जोडला जाई. त्यांचे स्वतःचे लेखक, गीतकार आणि सहनट होते. वितरक एखादा चित्रपट पाहून नाक मुरडू लागले की निर्माता कृष्णन-मदुरम यांचा भाग घालायला धावे. स्टुडिओ भाड्याचा, चित्रपट दुसऱ्याचा, पण तेवढी पंधरा-वीस मिनिटं पूर्ण त्यांची. हॉलिवूडमध्ये असली सोय कीटनला स्वप्नातही मिळाली नसती. शिवाय हाताशी नाटक मंडळी होतीच, म्हणजे कॅमेरा नसला तरी रंगमंच.

मग १९४४ आलं. सी. एन. लक्ष्मीकांतन हा नटनट्यांच्या खाजगी आयुष्यावर चिखल उडवणारं नियतकालिक चालवणारा संपादक. परवान्याअभावी ‘सिनेमा तूदु’ बंद पडल्यावर त्याने ‘हिंदू नेसन’ हाती घेतलं. ८ नोव्हेंबर १९४४ रोजी मद्रासच्या वेपेरी भागात त्याच्यावर चाकूहल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी तो मेला. कट रचल्याच्या आरोपावरून तमिळ सिनेमाचा सर्वांत मोठा गायक-नायक एम. के. त्यागराज भागवतर, कृष्णन आणि दिग्दर्शक श्रीरामुलू नायडू यांना अटक झाली. नायडू सुटले. भागवतर आणि कृष्णन यांना जन्मठेप झाली, उच्च न्यायालयातलं अपील फेटाळलं गेलं. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं, ते फेरविचारासाठी परत आलं, आणि एप्रिल १९४७ मध्ये दोघेही निर्दोष सुटले. तोवर सुमारे अडीच वर्षं तुरुंगात गेली होती.

आर्बकलच्या खटल्याशी साम्य डोळ्यांत भरणारं आहे: पीत पत्रकारिता, मृत्यू, प्रसिद्ध विनोदी नट, लांबलेले खटले, अखेर निर्दोष सुटका. शेवट मात्र उलटा. कृष्णन बाहेर आले आणि दोन वर्षांत ‘नल्लतंबी’ घेऊन उभे राहिले. फ्रँक काप्राच्या ‘मिस्टर डीड्स गोज टू टाउन’वरून बेतलेली ही कथा अण्णादुरैंनी पार तमिळ करून टाकली होती. जेमिनीच्या प्रचंड खर्चाच्या ‘चंद्रलेखा’त (१९४८) कृष्णन आणि मदुरम होते. पुढे ते स्वतः दिग्दर्शक झाले; ‘पणम’मध्ये त्यांनी शिवाजी गणेशन या कोवळ्या नटाला दुसराच चित्रपट दिला. ३० ऑगस्ट १९५७ रोजी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत ते काम करत होते.

असं का झालं? पहिलं उत्तर मदुरम हे आहे. नवरा तुरुंगात असताना त्यांनी नट एस. व्ही. सहस्रनामम यांच्या मदतीने मंडळी मोडू दिली नाही, नाटकं चालू ठेवली आणि त्यातून ‘पैत्तियक्कारन’ (१९४७) हा चित्रपटही उभा केला. कृष्णन सुटले तेव्हा त्यांना कुणा निर्मात्याच्या दारात उभं राहावं लागलं नाही. ते आपल्याच चालत्या संसारात परतले. आर्बकलचा संसार पॅरामाउंटच्या गोदामात होता आणि त्याची किल्ली पॅरामाउंटकडे होती. दुसरं उत्तर असं की, आर्बकल मूकपटांचा नट होता. देशभरातल्या प्रेक्षकांशी त्याचा संबंध रिळांच्या डब्यांतून येई. थिएटरवाल्यांनी डबे परत पाठवले की तो संबंध तुटला. महिला मंडळांनी आणि चर्चच्या संघटनांनी त्याच्याविरुद्ध जे उठवलं त्याला उत्तर द्यायला त्याला तोंड होतं, पण व्यासपीठ नव्हतं. कृष्णन धनुष्य मांडून कुठेही बसू शकत. लोकांना त्यांचा आवाज, त्यांची नेमकी विराम घेण्याची लकब, त्यांनी गरजूंना उघड्या हाताने दिलेले पैसे हे सगळं थेट माहीत होतं. वर्तमानपत्राने रंगवलेला माणूस आणि आपल्या गावात येऊन गायलेला माणूस यांत लोक दुसऱ्यावर विश्वास ठेवतात.

इथे मराठी वाचकाने जरा थांबावं असा एक तपशील आहे. ‘नल्लतंबी’तला सर्वांत गाजलेला भाग म्हणजे ‘किंदनार’ हे कालक्षेपम्, म्हणजे कीर्तनासारखं कथागायन. गोपालकृष्ण भारतींच्या ‘नंदनार चरित्रा’त अस्पृश्य भक्त नंदनार चिदंबरमच्या दर्शनासाठी तळमळतो. कृष्णन यांचा किंदनार देवळाकडे न जाता शहरातल्या शाळेकडे निघतो. गीतकार उडुमलै नारायण कवी यांच्या साथीने कृष्णन यांनी भागवतबुवाच्या सगळ्या लकबी, साथीदाराच्या मधल्या हुंकारांसह, उचलल्या आणि त्यांतून जातीवर वार केला. गंमत अशी की, तमिळ कथाकालक्षेपम्‌ला आजचं रूप येण्यात तंजावरच्या मराठी राज्याचा आणि तिथे गेलेल्या कीर्तनकारांचा मोठा वाटा आहे. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्तं तमिळ भागवतांच्या तोंडी रुळली ती तिथून. म्हणजे मद्रासच्या या विनोदी नटाने चिमटा काढला तो आपल्याच नारदीय कीर्तनाच्या एका दक्षिणी नातलगाला. आणि लोकांच्या ओळखीच्या प्रकाराचं भांडं वापरून त्यात सुधारणेचं पाणी भरायचं, ही रीत आपल्याकडे सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्याआधीच रूढ केली होती. दोन्हीकडे कारण एकच दिसतं: लोकांना जो प्रकार पाठ आहे त्याच्यावरच विडंबन उभं राहतं, आणि ज्याचं विडंबन लोकांच्या पाठ प्रकारावर उभं आहे त्याला हाकलणं अवघड जातं.

यावर पहिला आक्षेप येईल तो भागवतरांचा. तोच खटला, तीच शिक्षा, तीच सुटका. रंगभूमीही त्यांच्या मागे होती, लोकप्रियता तर कृष्णन यांच्याहून कित्येक पट. अटकेच्या थोड्याच काळापूर्वी लागलेला त्यांचा ‘हरिदास’ मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरात तीन दिवाळ्या पाहून गेला. मालकी म्हणाल तर सुटल्यावर त्यांनी ‘राजमुक्ति’ (१९४८) स्वतः काढला. तो पडला, आणि त्यानंतरचेही बहुतेक पडले. हा आक्षेप खराखुरा आहे आणि त्याने माझ्या मुद्द्याला बांध घातला पाहिजे. केवळ कंपनी नावावर असणं पुरेसं नाही, हे त्यातून दिसतं. भागवतरांचं नातं लोकांशी होतं ते भक्ताचं मूर्तीशी असतं तसं. सोनेरी आवाज, रेशमी वस्त्रं, कानात हिरे. मूर्तीला जेलचा पोशाख घातला की पुन्हा प्राणप्रतिष्ठा करणं कठीण. त्यातच १९४७ नंतर गाण्यांनी खच्चून भरलेल्या पौराणिक पटांची जागा संवादप्रधान सामाजिक चित्रपट घेऊ लागले. कृष्णन यांची जागा आधीपासूनच लोकांच्या बरोबरीची होती, आणि नव्या संवादप्रधान लाटेतले लेखक त्यांच्याकडे लिहायला येत होते. त्यामुळे ‘जमीन’ या शब्दाने मला जे सुचवायचंय ते सात-बारा नव्हे. लोकांशी थेट बोलण्याची सवय आणि त्यासाठी हाताशी असलेली माणसं, असा त्याचा अर्थ घ्यावा.

दुसरा आक्षेप जे. पी. चंद्रबाबू यांच्या रूपाने समोर येतो, आणि तो जास्त झोंबणारा आहे. तूतुकुडीच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला, कोलंबोत वाढलेला हा माणूस हॉलिवूड पाहून नाचायला-गायला शिकला होता; तमिळ गाण्यात योडलिंग आणणारा तोच. काम मिळेना म्हणून जेमिनी स्टुडिओत विष घेऊन त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला, ही गोष्ट तमिळ चित्रपटविश्वात सर्वश्रुत आहे. पन्नाशीच्या दशकात तो शिखरावर पोचला, आणि मग चॅप्लिनसारखं स्वतःच सगळं करायचं ठरवून निर्मिती-दिग्दर्शनात उतरला. एम.जी.आर. यांना नायक घेऊन त्याने ‘माडि वीट्टु एळै’ सुरू केला. तो अर्धवट राहिला आणि चंद्रबाबू कर्जात बुडाला. पुढे ‘तट्टुंगळ तिरक्कप्पडुम’ (१९६६) दिग्दर्शित केला, पण घसरण थांबली नाही. १९७४ साली विपन्नावस्थेत तो गेला. म्हणजे मालक होण्याच्या धडपडीनेच त्याला संपवलं, मग तुमचा सिद्धान्त कुठे राहिला, असं कोणी विचारील. मला वाटतं, चंद्रबाबूकडे मालकी आली ती कर्जाची. ज्या चित्रपटावर त्याने सगळं लावलं त्याची किल्ली नायकाच्या तारखांत होती. चॅप्लिन आपल्या चित्रपटाचा नायक स्वतः होता. कृष्णन यांनी आपला भाग नायकाविना पूर्ण होईल असाच रचला होता. चंद्रबाबूने दुसऱ्याच्या लोकप्रियतेवर आपलं घर बांधायला घेतलं. त्याच्या मागे मंडळी नव्हती, मदुरम नव्हती, गावातली कुठली लोककला नव्हती. होती ती विलक्षण एकट्याची प्रतिभा. चरित्रकार त्याच्या उद्धट स्वभावाकडे बोट दाखवतात. उद्धट माणसं भक्कम संस्थांच्या आधाराने सुखाने म्हातारी झालेली आपण पाहतोच की.

तिसरा आक्षेप नागेश. हा ना मालक, ना मंडळीवाला. धारापुरमचा, कन्नडभाषक घरातला, मद्रासला रेल्वेत कारकून. साठीच्या दशकात मद्रासमध्ये स्टुडिओ-व्यवस्था भरात होती. कोडंबाक्कम-वडपळनीला मोठे, गिंडीत कॉफीच्या व्यापारातून आलेल्या व्ही. एल. नरसूंचा नरसूस स्टुडिओ, अशी ती पसरलेली होती. नट सकाळची पाळी एकीकडे, दुपारची दुसरीकडे असा धावे. नागेश त्या धावपळीचा राजा होता. ‘कादलिक्क नेरमिल्लै’ आणि ‘सर्वर सुंदरम’ (दोन्ही १९६४), ‘तिरुविळैयाडल’ (१९६५), ‘एदिर नीच्चल’ (१९६८): दर वेळी निराळा माणूस, निराळी चाल. पगारी नट असूनही त्याने हे कसं साधलं? इथे बहुतेक जण पडद्यापलीकडे पाहत नाहीत. ‘सर्वर सुंदरम’ आणि ‘एदिर नीच्चल’ ही मुळात के. बालचंदर यांची नाटकं. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी करणारे बालचंदर संध्याकाळी हौशी रंगभूमीवर नाटकं बसवत, आणि नागेशसाठी लिहीत. म्हणजे नागेशकडेही स्टुडिओबाहेरची जमीन होती. ती मद्रासच्या सभागृहांत, कारकुनी पेशातल्या हौशी नटांच्या सोबतीने तयार झालेली होती. ते लिखाण आटलं तेव्हा तो पुढच्या वीसेक वर्षांत कधी खलनायक, कधी चरित्रनट होत टिकला. ‘मगळिर मट्टुम’मध्ये (१९९४) तर त्याने एका प्रेताचं काम केलं आणि सगळा प्रसंग खिशात घातला. त्याला उभ्या कारकिर्दीत राष्ट्रीय पुरस्कार मिळाला एकच, ‘नम्मवर’मधल्या साहाय्यक भूमिकेचा. पद्म पुरस्कार नाहीच. तो २००९ साली गेला.

इतकं बोलल्यावर या व्यवस्थेची किंमतही सांगायला हवी. कृष्णन यांची स्वायत्तता मिळवली गेली ती चित्रपटाचे तुकडे पाडून. त्यांचा भाग सुटा होता म्हणून त्यांचा होता, आणि सुटा होता म्हणूनच एकसंध विनोदी चित्रपट अशी गोष्ट त्यांच्या हातून जवळजवळ घडली नाही. ‘द जनरल’मध्ये कीटनचा विनोद आगगाडीच्या रुळांइतकाच कथेत रुतलेला आहे, तसं कृष्णन यांचं काहीही दाखवता येत नाही. त्यांच्या दारूबंदीच्या, काटकसरीच्या, शिक्षणाच्या गाण्यांतली काही आज प्रचारपत्रकासारखी वाटतात. विनोद हा उपदेशाला लावलेला साखरेचा लेप आहे, असं मानणाऱ्या सुधारकांनी त्यांचं कौतुक जरा जास्तच केलं आहे. आणि पैशाचं म्हणाल तर मिळवला तेवढा वाटून ते अखेरीस ओढगस्तीतच गेले. जमीन पायाखाली असली म्हणजे पोट भरतं असं मुळीच नाही. तिने त्यांना दिलं ते एवढंच: तुरुंगातून परत यायला एक जागा, आणि बोलायचं स्वातंत्र्य. १९५७ च्या निवडणुकीतला त्यांचा एक किस्सा सांगितला जातो. कांचीपुरमला अण्णादुरैंच्या विरोधात एक डॉक्टर उभे होते. प्रचारसभेत कृष्णन यांनी त्या डॉक्टरांचीच तोंडभरून स्तुती केली आणि शेवटी म्हणाले, इतका चांगला डॉक्टर तुम्ही मद्रासला पाठवून देणार? त्यांना इथेच ठेवा, अण्णांना पाठवा. किस्सा तंतोतंत तसा घडला असो वा नसो, अण्णा ती निवडणूक जिंकले. १९६९ च्या जानेवारीत, मृत्यूच्या काही आठवडे आधी, मुख्यमंत्री अण्णादुरै यांनी त्यागरायनगरात कृष्णन यांच्या पुतळ्याचं अनावरण केलं.

मराठीत हाच हिशेब मांडला तर दादा कोंडके आणि लक्ष्मीकांत बेर्डे ही नावं समोर येतात. दादांमागे सेवादलाचं कलापथक आणि वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’चे प्रयोग होते. ‘सोंगाड्या’ (१९७१) त्यांनी स्वतः काढला, मुंबईत थिएटरसाठी झगडा झाला तेव्हा त्यांच्यासाठी माणसं रस्त्यावर आली, आणि समीक्षकांनी कितीही नाकं मुरडली तरी शेवटपर्यंत दादांना कुणाच्या दारी जावं लागलं नाही. लक्ष्मीकांत प्रतिभेने तसूभर कमी नव्हता. ‘टुरटुर’च्या रंगमंचावर त्याने ते दाखवलं होतं. मराठी पडद्यावर तो नायक होता, हिंदीत ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’मध्ये मोठ्या घरचा नोकर. माणूस तोच, वर्षंही तीच. पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘एक होता विदूषक’मध्ये (१९९२) तमाशातला सोंगाड्या सिनेमाचा नट होतो आणि राजकारणाच्या हातचं खेळणं बनतो, ती भूमिका लक्ष्मीकांतनेच केली, आणि त्याच्या गल्लाभरू चित्रपटांना टाळ्या देणारा प्रेक्षक या एका चित्रपटाकडे मात्र फिरकला नाही. स्वभावाच्या सिद्धान्ताने यातलं काहीही उलगडत नाही.

या मांडणीची अलीकडची परीक्षा घ्यायची तर तमिळ विनोदी नट वडिवेलूंकडे पाहावं. २०११ च्या निवडणुकीत त्यांनी द्रमुकसाठी जोरदार प्रचार केला, सत्ता दुसऱ्यांच्या हाती गेली आणि त्यांच्याकडे येणारे चित्रपट आटले; पुढे निर्मात्यांशी वाद झाले ते वेगळेच. जुन्या हिशेबाने हा आर्बकल. पण त्या दहा-बारा वर्षांत त्यांचा चेहरा तमिळ माणसाच्या रोजच्या बोलण्यात शिरला. गिंडीच्या आयटी कचेऱ्यांतली मुलं साहेबाबद्दल, पगारवाढीबद्दल, पावसात तुंबलेल्या शहराबद्दल एकमेकांना मीम पाठवतात तेव्हा त्यावर तोंड असतं वडिवेलूंचं. ही जमीन त्यांनी कमावलेली नाही, तिच्यावर त्यांची मालकी नाही आणि तिचं भाडंही त्यांना मिळत नाही. तरीही तिने त्यांना लोकांच्या नजरेसमोर ठेवलं, आणि २०२३ साली मारी सेल्वराज यांनी ‘मामन्नन’मध्ये त्यांना एका दबलेल्या जातीतल्या आमदाराची, जवळजवळ विनोदाविना रंगवलेली भूमिका दिली तेव्हा प्रेक्षकांना त्यांची ओळख नव्याने करून द्यावी लागली नाही. कृष्णन यांच्या मंडळीत मात्र नाटकाच्या तिकिटाचे पैसे कृष्णन यांच्याकडेच येत असत.